वेळेआधी परत आलेलं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. ग्रंथ ही पदवी माझी मीच घेतली आहे. खरं म्हणाल तर मी शाळेचं पाठ्यपुस्तक, अमेरिकेच्या इतिहासाचं. पण ज्याचं वजन दोन किलो तीनशे ग्रॅम भरतं, त्याने स्वतःला ग्रंथ म्हणवून घेतलं तर कोणी रागावू नये. या वजनाचा मला एके काळी फार तोरा होता. पुढे याच वजनाने एका मुलीचा घात केला आणि माझा तोरा उतरला. ती हकिकत सांगितल्याशिवाय माझं आयुष्य सांगून पुरं होत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छापखान्यात झाला. गुळगुळीत कागद, पक्की शिवण, वर जाड पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर पिसाची लेखणी. नऊशे बारा पानं, एकतीस धडे. त्यातला सातवा धडा माझा सगळ्यात आवडता. आईला सगळी मुलं सारखी असं म्हणतात, पण तसं नसतं हे तुम्हालाही माहीत आहे.

सातव्या धड्यात नव्या राष्ट्राची पहिली वर्षं आहेत. राजाला तर घालवून दिलं, आता राज्य करायचं कसं, हा त्या लोकांपुढचा प्रश्न होता. खजिन्याचा मंत्री हॅमिल्टन म्हणे, मोठी बँक काढा आणि केंद्राचं सरकार बळकट करा. जेफरसन म्हणे, हा शेतकऱ्यांचा देश आहे, सत्ता राज्यांच्या हातात राहू द्या. पहिल्या राष्ट्राध्यक्षाने दोन मुदती झाल्यावर आपणहून खुर्ची सोडली. पक्षांच्या भांडणापासून सांभाळा, असं जाताना बजावलं. त्याची पाठ वळते न वळते तोच दोन्ही पक्ष एकमेकांच्या उरावर बसले.

आणि मग येतं पान दोनशे एकोणीस. त्यावर १७९८ सालचे परदेशी माणसांविषयीचे कायदे आहेत. नागरिक होण्यासाठी आधी पाच वर्षं देशात राहावं लागे, ती चौदा केली. शिवाय एखादा परका धोक्याचा वाटला तर अध्यक्ष त्याला देशाबाहेर जायला सांगू शकत होता. या दुसऱ्या कायद्याचा हुकूम काढून प्रत्यक्षात कोणालाच घालवावं लागलं नाही. नुसत्या धास्तीने माणसं जहाजं भरून आपणहून निघून गेली. हे शेवटचं वाक्य माझ्यात एका चित्राखाली बारीक टायपात आहे. परीक्षेत त्यावर कधी प्रश्न येत नाही.

दोन हजार दोन साली मी पेटाऱ्यात बसून समुद्रमार्गे दुबईला आलो. अमेरिकन अभ्यासक्रमाच्या एका शाळेने आम्हा चाळीस भावंडांना मागवलं होतं. तिथल्या ग्रंथालयात रुकय्या मिस होत्या. मूळच्या हैदराबादच्या, गळ्यात साखळीला चष्मा, आणि बोटाला कायम डिंक. त्यांनी माझ्या पहिल्या पुठ्ठ्याच्या आत एक तक्ता चिकटवला. नाव, वर्ष, परत केल्याची तारीख आणि पुस्तकाची स्थिती. आमच्या शाळेत पुस्तक विकत घ्यायचं नसे. वर्षभर वापरायचं आणि जूनमध्ये परत करायचं.

पहिली सहा वर्षं माझी बरी गेली. मुलं मला वीट म्हणत. एकाने पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या डोळ्यांवर गॉगल काढला. एकीने मला घेऊन दाराला टेकण लावलं. तक्त्यावर सहा नावं चढली. सहाही जणांनी मला जून उलटल्यावर, दंड भरून आणि तोंड वाकडं करून परत केलं. माझ्या स्थितीपुढे आधी ‘उत्तम’ होतं, मग ‘बरी’ झालं. तरी इतिहासाचे सर वर्गात मला उंच धरून म्हणत की हे एक पुस्तक नीट वाचलं तर माणूस कोणत्याही देशात शहाणा होईल. मी फुगून जात असे. कोणत्याही देशात, हे दोन शब्द मी तेव्हा खरे मानले.

दोन हजार आठच्या सप्टेंबरात तक्त्यावर सातवं नाव आलं. वैभवी दत्तप्रसाद. बारावीची मुलगी, जन्म दुबईचा, डोळे टपोरे आणि बोलणं भरभर. ती मला अल बर्शातल्या तिच्या घरी घेऊन गेली, आणि त्याच संध्याकाळी तिच्या आईने, उर्मिलाताईंनी, मला खाकी कागदाचं कव्हर घातलं.

असं कव्हर मला त्याआधी कोणी घातलं नव्हतं. उर्मिलाताई पुण्याच्या. त्यांनी कागद जमिनीवर अंथरला, माझी मापं घेतली, कोपरे दुमडले आणि चिकटपट्टी अशी लावली की ती माझ्या पुठ्ठ्याला कुठेही लागली नाही. वर पांढरं लेबल लावून नाव लिहिलं. मग लेकीला म्हणाल्या, “दुसऱ्याची वस्तू आहे. आत पेन्सिलसुद्धा लावायची नाही. जशी आणली तशी, सांगायच्या आधी परत करायची.”

वैभवी म्हणाली, “आई, इट्स जस्ट अ टेक्स्टबुक.”

“असू दे. पुस्तक तर पुस्तक.”

मित्रांनो, त्या बाईने मला जितकं जपलं तितकं कोणीच जपलं नाही. पुढची सगळी गोष्ट ऐकताना हे विसरू नका.

वैभवीचे बाबा, दत्तप्रसाद, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होते. अठरा वर्षं याच देशात काढलेली. दुबईत तेव्हा शुक्रवारी सुट्टी असे. शुक्रवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसत आणि मला मांडीवर घेत. बाल्कनीतून नऊ क्रेन दिसत. आधी ते क्रेन मोजत, मग मला उघडत. वैभवीची तयारी घ्यायची म्हणून त्यांनी मला हातात घेतलं आणि सातव्या धड्यात स्वतःच अडकले. ते हॅमिल्टनचे झाले. लेक जेफरसनची झाली. दर शुक्रवारी दोघांची जुंपे.

“तुझा जेफरसन इथे असता ना,” ते क्रेनकडे बोट करत, “तर हे नऊच्या नऊ टॉवर कागदावरच राहिले असते. बँकेशिवाय एक मजला तरी चढतो का?”

“बाबा, यू ओन्ली काउंट बिल्डिंग्ज.”

“पॉइंट पाहिजे तर मराठीत भांडायचं.”

मग ती मराठीत भांडायची, अडखळत आणि हातवारे करत. “मग ऐक. सगळी पॉवर बँकेकडे गेली आणि बँकच पडली, तर तुझा हॅमिल्टन लोकांना काय तोंड दाखवणार?”

अशा वेळी दत्तप्रसाद चहाचा कप तोंडाला लावत. स्वयंपाकघरातून उर्मिलाताई निकाल देत. “पॉइंट वैभवीला. आणि पोहे गार होतायत.”

माझ्यात पेन्सिल लावायची नाही असा दंडक होता. म्हणून दोघांनी गुणांचा हिशेब माझ्या खाकी कव्हरच्या आत दुमडलेल्या पट्टीवर ठेवला. एका बाजूला ‘बाबा’, दुसऱ्या बाजूला ‘वै’, आणि खाली उभ्या रेघा. मी नऊशे पानांत मोठमोठ्या सभा आणि भाषणं घेऊन बसलो आहे. पण त्या बाल्कनीइतकी चांगली सभा माझ्यात एकही नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या बँका खरोखरच पडल्या, आणि त्यांचा धक्का इथवर आला. नोव्हेंबरात क्रेन थांबायला लागल्या. एका शुक्रवारी सात हलत होत्या, पुढे पाच, जानेवारीत दोन. थांबलेली क्रेन कोणी खाली उतरवत नसे. ती तिथेच हात पसरून उभी राही. माझ्या पुढच्या धड्यात जेफरसनच्या व्यापारबंदीची हकिकत आहे. त्याने जहाजांना परदेशी जायला मनाई केली तेव्हा अमेरिकेच्या बंदरांत शिडं उतरवलेल्या जहाजांच्या रांगा लागल्या आणि खलाशी रिकामे बसले. दत्तप्रसादांनी ते पान दोनदा वाचलं. त्या दिवशी कोणी भांडलं नाही आणि पट्टीवर रेघ पडली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांना कंपनीचं पत्र मिळालं. एकतीस मार्च शेवटचा दिवस. इथला नियम असा की नोकरी आहे तोवर व्हिसा. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि देश सोडायला तीस दिवस. बायकोमुलांचा व्हिसा घरच्या कर्त्यामागे, म्हणजे त्यांचेही तेच तीस दिवस. तिघांची तिकिटं तीस एप्रिलची काढली.

वैभवीची बारावीची शेवटची परीक्षा चार ते सात मे होती. इतिहासाचा पेपर सर्वांत शेवटी, सात तारखेला.

तीस एप्रिल आणि सात मे यांच्यात सात दिवसांचं अंतर आहे. त्या घरात पुढचे दोन महिने या सात दिवसांवाचून दुसरं काही बोललं गेलं नाही. परीक्षा दिली नाही तर बारावीचं प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही तर पुण्यात कोणी बारावी पास मानणार नाही, आणि अभ्यासक्रम वेगळा म्हणून थेट बारावीत बसवणारही नाही. दोन वर्षं पाण्यात.

त्या दिवसांतल्या एका शुक्रवारी दत्तप्रसाद मला घेऊन बाल्कनीत बसले. बऱ्याच वेळाने पान दोनशे एकोणीस उघडून लेकीला म्हणाले, “हे बघ. चौदा वर्षं मागत होते. केवढा कडक कायदा म्हणून त्याच्यावर टीका झाली. मला अठरा झाली. मी त्या कडक कायद्यातसुद्धा बसलो असतो.”

ते बळेच हसले आणि म्हणाले, “आता हा पॉइंट कोणाला द्यायचा?”

तिने पेन्सिल घेतली आणि बाबांच्या बाजूला एक रेघ ओढली. ती शेवटची. बाबा अकरा, वैभवी तेरा.

आशेची एकच जागा उरली होती. फुजैराला शैलेंद्र नावाचा त्यांचा जुना सहकारी होता. तिथल्या बंदरात जहाजांना तेल भरतात, त्या तेलाच्या टाक्यांच्या कंपनीत तो होता. त्याने साहेबांकडे शब्द टाकला होता. दत्तप्रसाद तीनदा डोंगर ओलांडून फुजैराला जाऊन आले. तीनही वेळा साहेबांनी कॉफी पाजली आणि ‘इन्शाल्ला’ म्हटलं.

उर्मिलाताईंचा इन्शाल्लावरचा विश्वास उडाला होता. त्यांचा स्वभाव कामं पुढे ढकलण्याचा नव्हता. पुण्यात प्रवेश घ्यायचा तर शाळा सोडल्याचा दाखला हवा, दाखल्यावर इथल्या शिक्षण खात्याचा शिक्का हवा, मग भारताच्या वकिलातीचा शिक्का हवा. या शिक्क्यांना दोन-तीन आठवडे लागतात हे त्यांनी चार घरी विचारून ठेवलं होतं. शाळा दाखला देण्याआधी एक फॉर्म भरून घेई. प्रयोगशाळा, बस, फी आणि ग्रंथालय, सगळ्यांच्या सह्या आणल्या की फॉर्म पुरा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तीन सह्या गोळा केल्या. चौथी राहिली होती माझ्यामुळे.

कारण मी हरवलो होतो.

खरं तर मी हरवलो नव्हतो. भारतात पाठवायच्या सामानाचे खोके बैठकीच्या खोलीत रचून ठेवले होते. वैभवीने एका दुपारी ‘भांडी’ लिहिलेलं खोकं उघडलं, कुकर उचलला, मला तळाशी ठेवलं आणि वर कुकर ठेवून चिकटपट्टी लावली. तिच्या मनात परीक्षेचा काही डाव होता असं समजू नका. सतरा वर्षांच्या मुलीचा हिशेब साधा होता. पुस्तक नाही तर सही नाही, सही नाही तर दाखला नाही, आणि दाखला नाही तोवर आपण इथलेच.

कुकरखाली पडल्या पडल्या मी बाहेरचं बोलणं ऐकत होतो. रुकय्या मिसचा फोन आला होता. उर्मिलाताई मोठ्याने खात्री करून घेत होत्या, “जी, दोन हफ्ते ढूँढना है, उसके बाद ही पैसे भर सकते हैं? दोसौ चालीस दिरहम. ठीक है.” मग फोन ठेवून नवऱ्याला म्हणाल्या, “दोनशे चाळीस. म्हणजे सव्वातीन हजार रुपये. पैशांचं जाऊ दे, पण आपल्या घरात पुस्तक हरवतंच कसं?”

“थांब गं थोडी,” दत्तप्रसाद म्हणाले. “शैलेंद्र म्हणालाय या आठवड्यात कळेल. दाखल्याची घाई नको.”

“अहो, तीन वेळा ऐकलं ते. इन्शाल्लावर मुलीची ॲडमिशन होत नाही.”

मी खाली देवाची करुणा भाकत होतो. पुस्तकांचा देव कोण ते मला माहीत नाही, पण भाकत होतो. मला सापडू देऊ नका, इतकंच.

आता माझ्या वजनाची गोष्ट. आखातातून सामान पाठवणारे लोक प्रत्येक खोकं घरीच वजन करून ठेवतात, कारण किलोमागे पैसे पडतात. उर्मिलाताईंनी न्हाणीघरातला वजनाचा काटा बाहेर आणून प्रत्येक खोकं त्यावर ठेवलं होतं आणि वरती मार्करने आकडा लिहिला होता. अकरा एप्रिलला, शनिवारी, त्यांनी सगळ्याची पुन्हा एकदा खात्री केली. भांड्यांच्या खोक्यावर एकोणीस किलो लिहिलं होतं. काट्याने एकवीसच्या वर दाखवलं.

दुसरी कोणी असती तर काटा बिघडला म्हणून गप्प बसली असती. उर्मिलाताईंनी चिकटपट्टी कापली.

मी वर आलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर केवढा आनंद होता म्हणून सांगू. “बघ,” त्या वैभवीला म्हणाल्या, “कुकरखाली गेलं होतं. मीच पॅकिंग करताना ठेवलं असणार. उद्या सकाळी देऊन येते.” मुलीचा काही हात असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

वैभवी रडली. तिने सांगितलंही, “आई, नको ना देऊस. प्लीज. वेट फॉर बाबाज जॉब.”

“अगं, नोकरीचा आणि पुस्तकाचा काय संबंध?” आई म्हणाली. संबंध कोणता ते लेकीलाही सांगता आलं नाही.

बारा एप्रिलला, रविवारी सकाळी आठ वाजता, आम्ही टॅक्सीने शाळेत गेलो. रुकय्या मिसनी मला हातात घेतलं, पण शिक्का उचलला नाही.

“मॅडम, किताब अभी रख लीजिए. इम्तिहान के बाद दे देना.”

“हम तीस तारीख को जा रहे हैं. इम्तिहान नहीं दे पाएगी.”

“फिर भी. जब तक नाम रजिस्टर में है, तब तक कुछ भी हो सकता है. नाम निकल गया तो खलास.”

“नहीं मिस. दूसरे की चीज़ है. काम अधूरा नहीं छोड़ना.”

नियम असा होता की परत आलेलं पुस्तक कव्हर काढून तपासायचं. उर्मिलाताईंनी स्वतः माझं खाकी कव्हर उतरवलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवलं. रुकय्या मिसनी माझी पानं उलटली. नवा एक डाग नाही, नवी एक रेघ नाही. तक्त्यावर सातव्या नावापुढे त्यांनी तारीख लिहिली आणि स्थितीच्या खाली ‘उत्तम’ लिहिलं. सहा वर्षांनी मला तो शब्द परत मिळाला. मला तो नको होता.

चौथी सही झाली. फॉर्म पुरा झाला. ऑफिसने दुपारी वैभवीचं नाव पटावरून काढलं. सोमवारी परीक्षेला बसणाऱ्यांची पक्की यादी अमेरिकेतल्या परीक्षा मंडळाकडे गेली, आणि तिच्यात पटावरचीच नावं होती.

बुधवारी फुजैराच्या साहेबांनी शब्द पाळला. तीन महिन्यांचं काम, एक मेपासून. कंपनी व्हिसा देणार होती, नवऱ्याला आणि मागे बायकोमुलांनाही. तिघेही जुलैपर्यंत राहू शकणार होते. जे सात दिवस कुठेच मिळत नव्हते, ते नव्वद होऊन घरी आले होते.

गुरुवारी सकाळी ग्रंथालय उघडताच उर्मिलाताई आल्या. त्यांच्या केसांना तेल-फणी नव्हती. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. ऑफिसमध्ये त्या आधीच जाऊन आल्या होत्या. तिथल्या बाईने फॉर्मच्या तळाची बारीक अक्षरातली ओळ दाखवली होती. नाव काढल्यावर या वर्षात पुन्हा घेतलं जाणार नाही आणि परीक्षेची नोंद रद्द समजली जाईल. खाली उर्मिलाताईंचीच सही होती, सुवाच्य.

त्या रुकय्या मिसच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मिस, वह किताब मुझे वापस दे दीजिए. लिख दीजिए कि मिली ही नहीं थी. मैं झूठ बोली, ऐसा लिख दीजिए.”

जन्मात खोटं न बोललेली बाई खोटेपणाचा शिक्का मागत होती. रुकय्या मिसनी मला कपाटातून काढलं. त्यांनी ऑफिसला फोन केला, मोठ्या मॅडमना फोन केला, इतिहासाच्या सरांना फोन केला. मी टेबलावर पडून ऐकत होतो. सगळीकडे एकच उत्तर. सगळे हळहळले. कोणीही वाईट नव्हतं. यादी गेली होती.

फोन ठेवून रुकय्या मिसनी उर्मिलाताईंना खुर्चीत बसवलं. मग मला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. उर्मिलाताईंनी पर्स उघडली, खाकी कागदाच्या घड्या मोडल्या आणि तिथेच मला पुन्हा कव्हर घालू लागल्या. कोपरे नीट बसवले. त्या पट्टीवरच्या रेघा त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या असाव्यात, कारण तिथे त्यांचा अंगठा थांबला.

“मैंने तो संभाल के रखी थी,” त्या म्हणाल्या, आणि मग मराठीत, कोणालाच न सांगता, “सांभाळूनच ठेवलं होतं हो.”

मला रडता येत नाही. माझ्या सगळ्या धड्यांत मिळून या वाक्यावर उपाय नाही.

वैभवी आणि तिची आई तीस एप्रिललाच गेल्या. तिकिटं काढलेली होती, परीक्षा उरली नव्हती, आणि थांबायला कारण राहिलं नव्हतं. दत्तप्रसाद एकटे फुजैराला राहिले. हे सगळं मला त्यांच्याच तोंडून कळलं. जुलैच्या शेवटी शाळेतून कसला तरी कागद न्यायला ते आले होते आणि ग्रंथालयात डोकावले. रुकय्या मिसनी खुर्ची दिली.

“वैभवी कैसी है?”

“ठीक है. पूना में ग्यारहवीं में बैठी है. सब उससे दो साल छोटे हैं.” मग म्हणाले की ती आईशी कामापुरतंच बोलते, तेही इंग्रजीत. शुक्रवारी फोन केला तर इतिहासाचं नाव काढत नाही. तीन महिने संपले, पुढचं काम नाही, उद्याची फ्लाइट आहे.

त्यांनी मला उघडलं. पान दोनशे एकोणीस त्यांना शोधावं लागलं नाही. चित्राखालच्या बारीक ओळीवर बोट ठेवून ते थांबले, आणि मिसना कळेल अशा बेताने हिंदीत म्हणाले, “देखिए, तब भी किसी को निकालना नहीं पड़ा था. लोग खुद चले गए. हमको भी किसी ने नहीं निकाला. हम ही टाइम से निकल गए.”

जाताना त्यांनी कव्हरची पट्टी उलटून पाहिली. म्हणाले, “तेरह-ग्यारह. वह आगे है.” आणि मला जागेवर ठेवून गेले. त्यानंतर त्या घरातलं कोणी मला भेटलं नाही.

पुढल्या वर्षी माझ्याच पुस्तकाची नवी आवृत्ती आली. माझी एकोणचाळीस भावंडं रद्दीच्या ट्रकमध्ये गेली. मी वाचलो, कारण खाकी कागदाखाली कोणतं पुस्तक आहे हे रद्दीवाल्यांना कळलं नाही आणि रुकय्या मिसनी ते सांगितलं नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मला सामानाच्या खोलीतल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून गेल्या. तिथे माझी शिवण सुटते आहे. कडांना धूळ बसली आहे. बाहेर क्रेन पुन्हा हलू लागल्या असं ऐकतो. मोजायला कोणी नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी पुस्तकं आपली कहाणी संपवताना नेहमी एकच विनवणी करतात. आम्हाला जपा, आमची पानं दुमडू नका, आम्हाला वेळेवर परत करा. मी पहिल्या दोन गोष्टी सांगेन. तिसरी सांगायला माझी जीभ रेटत नाही. माझ्या तक्त्यावर सात नावं आहेत. सहा जणांनी मला उशिरा परत केलं, आणि ते सहाही जण परीक्षेला बसले.

म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरात एखादं मूल म्हणालं की पुस्तक सापडत नाही, तर खोकी उघडू नका. वजन जास्त भरलं तरी उघडू नका. त्या मुलाजवळ बसा आणि विचारा की ते पुस्तक परत गेलं तर तुझं काय जाणार आहे. उत्तर त्यालाही येत नसेल. तरी बुधवारपर्यंत थांबा.